वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ : घडण, शिक्षण आणि कार्य

वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ हा मुळात रुग्ण तपासणारा डॉक्टर असतो. गुणसूत्रांची किंवा जनुकांची चाचणी प्रयोगशाळेत होते. परंतु ती कोणाची करावी, कोणती करावी, आलेल्या अहवालाचा अर्थ काय आणि तो अर्थ समोर बसलेल्या कुटुंबाला कोणत्या शब्दांत सांगावा, ही त्याची जबाबदारी होय. हृदयरोगतज्ज्ञाकडे एक अवयव असतो, बालरोगतज्ज्ञाकडे एक वयोगट असतो. आनुवंशिकीतज्ज्ञाकडे मात्र एक अख्खे कुटुंब असते, आणि त्यात अद्याप जन्मास न आलेले अपत्यही धरावे लागते. आपल्याकडे या तज्ज्ञाचे नाव बहुतेकांना प्रथम कळते ते दुसरे मूलही त्याच आजाराने हातचे गेल्यानंतर. म्हणूनच ही शाखा काय आहे आणि तीत प्रवेश कसा होतो, हे जाणून घेणे केवळ विद्यार्थ्यांपुरते मर्यादित राहत नाही.

शाखा तशी तरुण आहे. १९०२ साली इंग्लंडमधील डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी लघवी काळी पडणाऱ्या ‘अल्कॅप्टोन्युरिया’ या विकाराचे रुग्ण अभ्यासताना पाहिले की, त्यांतील अनेकांचे आईवडील एकमेकांची चुलत-मावस भावंडे आहेत. मेंडेलचे वाटाण्यावरील नियम माणसाच्या आजारालाही लागू पडतात, हे प्रथमच स्पष्ट झाले. त्यानंतर अर्धशतक फारशी हालचाल नव्हती. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४६ असतात, ही आज शाळकरी मुलाला ठाऊक असलेली गोष्ट १९५६ साली ट्यो आणि लेव्हान यांनी निश्चित केली. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा निर्धास्तपणे छापला जात होता. १९५९ मध्ये डाऊन सिंड्रोमच्या मुलांत २१ क्रमांकाचे गुणसूत्र एक जादा असल्याचे फ्रान्समध्ये लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. याच सुमारास, १९५७ मध्ये, अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात व्हिक्टर मॅकक्युसिक यांनी वैद्यकीय आनुवंशिकीचा स्वतंत्र विभाग उभा केला. मॅकक्युसिक हे मूळचे हृदयरोगतज्ज्ञ. या शाखेतील पहिली पिढी अशीच दुसऱ्या शाखांतून आलेली होती.

मुंबईतील पायाभरणी

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ रक्तापासून झाला. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्यांनी १९४९ मध्ये ल. द. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या आनुवंशिक गुणधर्मांची तुलना प्रसिद्ध केली. जातीतच विवाह करण्याच्या रूढीमुळे प्रत्येक गटाच्या जनुकांचे प्रमाण कसे निरनिराळे राहते, हे त्यातून दिसले. हा मुद्दा समाजशास्त्राचा वाटतो. पण दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला तो रोज उपयोगी पडतो. अगरवाल समाजात मेंदूच्या श्वेतद्रव्याचा एक दुर्मीळ विकार एकाच जुन्या जनुकीय बदलामुळे आढळतो, तर वैश्य समाजातील काही कुटुंबांत भूल देताना वापरले जाणारे एक औषध शरीरात वेळेवर विघटित होत नाही. अशा रुग्णाचे आडनाव आणि गाव विचारणे ही केवळ औपचारिकता राहत नाही. तपासणीची दिशाच त्यावरून ठरते.

दुसरी घटना अधिक प्रसिद्ध आहे. १९५२ च्या मे महिन्यात ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. यशवंत भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि लंडनमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांचा एक छोटा लेख आला. मुंबईत तीन व्यक्तींचे रक्त असे आढळले होते की, ते पाहता ‘ओ’ गटाचे वाटे. परंतु ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालेना. या गटाला पुढे ‘बॉम्बे’ हे नाव मिळाले. ‘ए’ आणि ‘बी’ ही प्रतिजने ज्या ‘एच’ नावाच्या पायावर उभी राहतात, तो पायाच या व्यक्तींत नसतो. त्यास कारणीभूत असलेले जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे आणि ते आई व वडील या दोघांकडूनही सदोष आले, तरच हा गट निर्माण होतो. भारतात साधारणपणे दहा हजारांत एका व्यक्तीत तो आढळतो. युरोपात दहा लाखांत एखादीच व्यक्ती सापडते. आज समाजमाध्यमांवरून ‘बॉम्बे’ गटाच्या रक्तदात्याचा शोध घेणारी आवाहने फिरतात, तेव्हा त्यामागे के. ई. एम. रुग्णालयाच्या परिसरातील हे संशोधन असते, याची आठवण क्वचितच कोणी ठेवतो. मुंबईत १९५७ मध्ये सुरू झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राचेच पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत रूपांतर झाले.

विदर्भात १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी नागपूर परिसरातील सिकल सेल वाहकांची नोंद प्रसिद्ध केली. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी तर अनेक वर्षे महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत हिंडून या आजाराचे सर्वेक्षण केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाड्यावर जाऊन रक्ताचे नमुने घेणे, हेही या शाखेचेच काम आहे. वातानुकूलित प्रयोगशाळेचे जे चित्र ‘जनुक’ या शब्दाबरोबर मनात उभे राहते, ते अपुरे आहे.

नागपूर ते लखनौ

वरील सर्व मंडळी अन्य शाखांतून या विषयाकडे वळली होती. या विषयातच पदवी घेऊन तज्ज्ञ होणे भारतात शक्य झाले ते लखनौच्या संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेमुळे. तेथे डॉ. एस. एस. अगरवाल यांनी आनुवंशिकीचा विभाग उभा केला आणि देशातील पहिला ‘डी. एम. वैद्यकीय आनुवंशिकी’ हा अतिविशेष अभ्यासक्रम तेथेच सुरू झाला. त्या अभ्यासक्रमातून पदवी घेणाऱ्या देशातील पहिल्या डॉक्टर होत्या डॉ. शुभा फडके. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम. बी. बी. एस. आणि बालरोगशास्त्रातील एम. डी. पूर्ण केले होते. पुढे त्या त्याच विभागाच्या प्राध्यापक व प्रमुख झाल्या.

त्यांच्या वाटचालीतील एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. ज्या विषयाची नावाने पदे नव्हती, ज्याची पदवी आधी कोणाकडेच नव्हती, तो विषय बालरोगासारखी भरघोस मागणी असलेली पदवी हाती असताना त्यांनी निवडला. नंतर चिकित्सक डॉक्टरांसाठी आनुवंशिकीवरील पुस्तक लिहिणे, ‘जेनेटिक क्लिनिक्स’ या नियतकालिकाचे संपादन करणे आणि विद्यार्थ्यांच्या तुकड्या घडवणे, असे काम त्यांनी केले. त्या विभागातून बाहेर पडलेले डॉक्टर आज देशाच्या अनेक भागांत स्वतःचे विभाग चालवीत आहेत. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातील आनुवंशिकी विभाग उभारणारे डॉ. गिरीश हेही लखनौचेच डी. एम. आहेत. गोमंतकीय वाचकाला हे नाते जवळचे वाटावे; कोकण रेल्वेने उडुपी गाठणे येथील माणसाला लखनौपेक्षा कितीतरी सोपे.

शिक्षणाचा मार्ग

मार्ग लांब आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे. बारावीनंतर ‘नीट’ परीक्षा. मग साडेचार वर्षांचा एम. बी. बी. एस. अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता. त्यानंतर पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचे एम. डी. किंवा एम. एस. आनुवंशिकीकडे येणारे बहुतेक डॉक्टर बालरोग, औषधवैद्यक किंवा स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र यांतून येतात. मग ‘नीट-एसएस’ ही अतिविशेष प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचा डी. एम. अभ्यासक्रम. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसाठी प्रवेश परीक्षा वेगळी असते. हिशेब केला तर अकरा-साडेअकरा वर्षे होतात. त्यात एकही वर्ष वाया गेलेले नाही आणि शासकीय सेवेच्या बंधपत्राचा काळही धरलेला नाही.

ग्वाल्हेरच्या ठाटीपूर भागातील दर्पण कॉलनीत राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातील मुलीचा प्रवास कल्पून पाहावा. शिंदेशाहीच्या काळापासून ग्वाल्हेरला मराठी कुटुंबे वसलेली आहेत. शहरातच १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम. बी. बी. एस. आणि बालरोगातील एम. डी. घरच्या पोळीभाजीवर पूर्ण होऊ शकते. त्यापुढे मात्र गाव सोडावे लागते. लखनौ, दिल्ली, हैदराबादची निझाम्स संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय, मणिपाल, अशी डी. एम. देणारी ठिकाणे मोजकीच आहेत आणि प्रत्येक ठिकाणी जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा समकक्ष अभ्यासक्रम काही खासगी रुग्णालयांत चालतो. दिल्लीचे सर गंगाराम रुग्णालय त्यांपैकी एक. ही मुलगी तिशी ओलांडेल तेव्हा तिच्या वर्गातील हृदयरोगतज्ज्ञाकडे स्वतःचे रुग्णालय असण्याची शक्यता असते, हेही तिला ठाऊक असलेले चांगले.

तीन वर्षांत शिकायचे तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे वंशावळ काढणे. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आजारी व्यक्तीसाठी भरीव खूण आणि नात्यात झालेल्या विवाहासाठी दुहेरी रेघ, अशी निदान तीन पिढ्यांची आकृती. हे दिसते त्याहून कठीण आहे. घरात दगावलेले बाळ, वेडसर म्हणून खोलीत ठेवलेला काका, मोडलेले लग्न या गोष्टी पहिल्या भेटीत कोणी सांगत नाही. त्यानंतर येते चेहऱ्याचे आणि शरीराचे वाचन. डोळ्यांतील अंतर, कानांची पातळी, तळहातावरील रेषा, बोटांची लांबी यांवरून शेकडो लक्षणसमूहांपैकी एखादा ओळखणे. संगणक आता यात मदत करतो, तरीही अनुभवी डोळ्याला अजून पर्याय मिळालेला नाही.

प्रयोगशाळेतही काही काळ काढावा लागतो. रक्तातील पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवून, विभाजनाच्या ऐन क्षणी त्यांना थांबवून, रंग देऊन गुणसूत्रांची मांडणी स्वतःच्या हाताने केल्याशिवाय अहवालातील मर्यादा कळत नाहीत. सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या त्रुटींसाठी मायक्रोअरे आहे. त्यापुढे एक्झोम चाचणी. तीत माणसाच्या सुमारे वीस हजार जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग वाचले जातात. संपूर्ण जनुकसंचाच्या जेमतेम एक-दोन टक्के असलेल्या या भागातच ज्ञात आनुवंशिक आजारांची बहुतांश कारणे सापडतात.

खरी परीक्षा येथे सुरू होते. प्रत्येक माणसाच्या जनुकांत हजारो बदल असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी या बदलांची पाच पायऱ्यांची वर्गवारी निश्चित केली. रोगकारक हे एक टोक, निरुपद्रवी हे दुसरे. मधली पायरी म्हणजे ‘अर्थ अनिश्चित’. अहवालावर हे शब्द दिसले की कुटुंब घाबरते आणि काही वेळा डॉक्टरही. अशा अहवालावरून गर्भपाताचा निर्णय घेणे ही गंभीर चूक ठरते. अनिश्चितता कमी करायची, तर आपल्याच लोकांच्या जनुकांची नोंद हवी. कारण परदेशी नोंदींत दुर्मीळ दिसणारा बदल आपल्याकडे एखाद्या समाजात सर्रास आढळू शकतो. २०१९ मध्ये ‘इंडिजेन’ प्रकल्पात हजाराहून अधिक आणि त्यानंतर ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले, ते यासाठी. खानोलकर-संघवी यांच्या सहा समाजगटांपासून हा प्रश्न फारसा बदललेला नाही. फक्त साधने बदलली.

सल्ल्याचे काम

डाऊन सिंड्रोमचे मूल असलेल्या दांपत्याचे उदाहरण घेतले, तर तज्ज्ञ नेमका कशासाठी लागतो, हे समजते. मुलाकडे पाहून निदान बहुतेक डॉक्टर करतील. मग गुणसूत्रांची चाचणी कशाला? कारण बहुसंख्य मुलांत २१ वे गुणसूत्र सुटे व जादा असते, आणि तरुण आईच्या पुढील बाळाला तोच विकार होण्याची शक्यता सुमारे एक टक्का राहते. थोड्या मुलांत मात्र ते जादा गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेले असते, आणि तशी जोडणी आईत किंवा वडिलांत लपलेली असू शकते. आईच्या १४ व्या गुणसूत्राला ते जोडलेले असेल, तर शक्यता दहा टक्क्यांच्या पुढे जाते. दोन्ही २१ वी गुणसूत्रे एकमेकांनाच जोडलेली असतील, तर त्या व्यक्तीच्या पोटी जन्मास येणाऱ्या प्रत्येक बाळाला डाऊन सिंड्रोम असणार. एक टक्का आणि शंभर टक्के यांतील हा फरक मुलाच्या चेहऱ्यावर कोठेही लिहिलेला नसतो.

थॅलेसेमिया आणि सिकल सेल यांचा हिशेब निराळा. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. ‘प्रत्येक’ हा शब्द समजावून सांगण्यात सल्लागाराचा बराच वेळ जातो. कारण एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी होतील, असा अर्थ सुशिक्षित माणसेही काढतात. भारतात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण तीन ते चार टक्के मानले जाते. रक्ताची एक साधी चाचणी विवाहापूर्वी किंवा गरोदरपणाच्या आरंभी केली, तर वाहक कळतात. दोघेही वाहक निघाल्यास अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करता येते. उशीर झाल्यास पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासता येते. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तेव्हा वाहकांना पत्रिका देण्याची कल्पना मांडली गेली. लग्नाआधी पत्रिका पाहण्याची सवय आपल्या समाजाला आहेच. ती या कामी लागली तर चांगलेच. मात्र वाहक असलेल्या मुलीचे लग्न मोडण्यासाठी तोच कागद वापरला जाऊ शकतो, हा धोका सल्लागाराने विसरता कामा नये. वाहक व्यक्ती आजारी नसते, आणि एक वाहक व एक निरोगी अशा जोडप्याला आजारी मूल होत नाही.

नात्यातील विवाहाबाबतही असेच तारतम्य लागते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जुनी आहे. सर्वसाधारण जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता दोन ते तीन टक्के असते. आते-मामे भावंडांच्या बाबतीत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. तज्ज्ञाने हा आकडा जसाच्या तसा सांगावा, दटावू नये. दोष बहुतेक वेळा सुनेवर येतो, हे लक्षात घेऊन आई आणि वडील या दोघांनाही समोर बसवून बोलणे, ही या शाखेची जुनी शिस्त आहे.

निर्णय कुटुंबाचा असतो. सल्लागार तो लादत नाही. कायद्याची चौकट मात्र पक्की आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. गर्भाच्या आनुवंशिक तपासण्या या कायद्याखाली नोंदणीकृत केंद्रातच आणि ठरावीक कारणांसाठीच करता येतात. पूर्वी केवळ मुलग्यांना होणाऱ्या स्नायूंच्या आजारात गर्भाचे लिंग पाहण्यावाचून उपाय नसे. आता त्या कुटुंबातील नेमका जनुकीय दोषच तपासता येतो. २०२१ च्या सुधारणेनुसार गंभीर व्यंग असलेल्या गर्भाबाबत २४ आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळ घेते, आणि तेथे आनुवंशिकीतज्ज्ञाचे मत वजनदार ठरते. गंमत अशी की, १९९४ च्या कायद्यातील ‘वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ’ ही व्याख्या बरीच सैल आहे. या क्षेत्रातील पदवी-पदविका असलेल्याबरोबरच, वैद्यकीय पदवी किंवा जीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असलेली व्यक्तीही तीत बसते. तज्ज्ञच नव्हते, तेव्हा ही सवलत समजण्यासारखी होती. आज रुग्णाने समोरच्या व्यक्तीची पदवी विचारून घ्यावी, हे योग्य.

व्यवसाय आणि प्राप्ती

या शाखेत शस्त्रक्रिया नाही, भरती नाही, औषधांची लांबलचक चिठ्ठीही नाही. एका कुटुंबाला पाऊण ते एक तास द्यावा लागतो आणि त्या तासाचे शुल्क लोकांना जड वाटते. पंचवीस हजारांची चाचणी मात्र विनातक्रार करून घेतली जाते. त्यामुळे अनेक तरुण तज्ज्ञ खासगी प्रयोगशाळांत अहवाल लिहिण्याच्या नोकरीकडे वळतात. ते काम प्रतिष्ठेचे आणि गरजेचे आहे, पण जिल्हा रुग्णालयातील बाकावर बसलेल्या कुटुंबाला त्याचा लाभ होत नाही.

वैद्यकीय पदवी नसलेल्यांसाठीही दारे आहेत. जीवशास्त्रातील पदवीनंतर आनुवंशिक समुपदेशनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. गुणसूत्र किंवा रेणवीय प्रयोगशाळेत एम. एस्सी. आणि पीएच. डी. झालेल्यांना मागणी आहे. निदान करणे व उपचार ठरवणे हे डॉक्टरचे काम. कुटुंबाची माहिती घेणे, आकडे समजावणे, पुढील भेटी घडवून आणणे हे समुपदेशकाचे. मराठी आणि कोकणी बोलणारे समुपदेशक तर फारच थोडे.

शासकीय पातळीवर अलीकडे काही हालचाल झाली आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये ‘उम्मीद’ उपक्रमातून शासकीय रुग्णालयांत निदान केंद्रे आणि डॉक्टरांसाठी प्रशिक्षण सुरू केले. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक उत्कृष्टता केंद्रांत नोंद झालेल्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते, मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आणि लखनौची संजय गांधी संस्था ही त्यांपैकी दोन केंद्रे. गोव्याने तर नवजात अर्भकांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन चयापचयाचे विकार शोधण्याचा राज्यस्तरीय कार्यक्रम २००८ मध्ये, देशात फार आधी, हाती घेतला होता. अशा चाचणीत थायरॉइडची जन्मजात कमतरता वेळीच कळली, तर रोज एका स्वस्त गोळीवर मुलाची बुद्धी वाचते. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीसारख्या आजारात मात्र सोळा कोटींच्या घरातील इंजेक्शनची बातमी होते, आणि त्या कुटुंबाला पुढील गरोदरपणाआधी कोणती तपासणी करावी लागेल, हे सांगणारा तज्ज्ञ बातमीत कोठे दिसत नाही.

डी. एम. साठी इच्छुक डॉक्टरांनी एम. डी. करीत असतानाच एखाद्या आनुवंशिकी विभागात निरीक्षक म्हणून काही आठवडे काढावेत. विभागप्रमुखांच्या संमतीने अशी सोय बहुतेक संस्थांत होऊ शकते.